शाहीर अमर शेख : बार्शीचा आवाज



आठवी-नववीच्या मुलांना दुसरं महायुद्ध शिकवताना स्टालिनग्राडचं नाव येतं. मुलं ते पाठ करतात आणि विसरतात. फार लांबचं गाव ना ते! पण त्या गावाचा पोवाडा मराठीत आहे, आणि तो गाणाऱ्या कलापथकात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा एक बुलंद गळा होता, हे सांगितलं की वर्ग जरा सरसावून बसतो. आजचा लेख त्या गळ्याच्या मालकाविषयी, म्हणजे शाहीर अमर शेख यांच्याविषयी.

त्यांचा जन्म 20 ऑक्टोबर 1916 चा, बार्शीचा. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. घरची गरिबी. आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि लोकगीतं तिला येत, आणि गाण्याचं पहिलं शिक्षण मेहबूबला तिच्याकडूनच मिळालं. मुसलमान घरातली आई मराठी ओव्या गाते, याचं आज कुणाला नवल वाटेल, पण आपल्या भागात त्यात नवल असं काही नव्हतं. जातं सगळ्यांचं सारखंच. मुलांना हे आवर्जून सांगावं असं मला वाटतं.

मेहबूब चौदा वर्षांचा झाला त्या सुमाराचं सोलापूर आठवून बघा. 1930 साली सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी झाली. जिल्ह्यातल्या पोरांच्या कानावर दुसरं काय पडणार? शाळा फार झाली नाही. मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग गिरणीत कामगार झाले. गिरणीच्या संपात पडले आणि तुरुंगात गेले. डाव्या विचारांशी त्यांची ओळख या दिवसांतली. पुढं कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेत काही काळ काढला. मेहबूबचा ‘अमर शेख’ झाला तो तिथंच. पण सिनेमात मन रमलं नाही, ते मुंबईला कामगार चळवळीत गेले.

आता मूळ मुद्द्याकडं येऊ. 22 जून 1941 ला हिटलरनं रशियावर हल्ला केला. त्याच वर्षी सर्गेई प्रोकोफिएव्ह हा रशियन संगीतकार टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’ या कादंबरीवर ऑपेरा रचायला बसला. ऑपेरा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत गाण्यातून सांगितलेलं नाटक. आपल्या संगीत नाटकात मधे गद्य संवाद येतात, तिथं बहुतेक सगळंच गातात. या ऑपेराच्या पहिल्या भागात नताशाची प्रेमकथा आहे आणि दुसऱ्या भागात नेपोलियनची स्वारी. म्हणजे प्रेम आणि युद्ध एकाच रंगमंचावर. गोष्ट 1812 ची, पण बाहेर जर्मन तोफा चालू असताना ऐकणाऱ्याला ती आजचीच वाटणार.

ऑगस्ट 1942 ते फेब्रुवारी 1943 स्टालिनग्राडची लढाई चालली. जर्मन फौज तिथं शरण आली आणि युद्धाचं पारडं फिरलं. इकडं 1943 मध्येच अण्णाभाऊ साठ्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहिला. ज्या माणसानं तोवर रशिया पाहिला नव्हता, ज्याचं शिक्षण नावापुरतंच होतं, त्यानं व्होल्गाकाठची लढाई शिवशाहीच्या पोवाड्याच्या चालीत बसवली! अण्णाभाऊ प्रत्यक्ष रशियाला गेले ते थेट 1961 मध्ये. 1944 मध्ये अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांचं ‘लाल बावटा कलापथक’ उभं राहिलं. डफ, तुणतुणं, ढोलकी, झीलकरी, एवढाच सरंजाम. रशियात वाद्यवृंदाला शंभरेक माणसं लागतात. इथं गिरणगावातल्या चाळीपुढं, मैदानात, हजारोंच्या गर्दीत एक गळा पुरायचा. अमर शेखांच्या आवाजाची पट्टी अशी होती की तो गर्दीच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा.

मला स्वतःला इथं एक गोष्ट महत्त्वाची वाटते. पोवाडा हा आपल्याकडं राजांचा आणि सरदारांचा. या तिघांनी त्यात कामगार, शेतकरी आणि परदेशातला साधा सैनिक आणला. तमाशाचंही तसंच. गण ठेवला, गवळण बदलली, बतावणीत सावकार आणि मालक आले आणि त्याचं लोकनाट्य झालं. सरकारला हे झोंबलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदीही घातली.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. 1 नोव्हेंबर 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि मराठी माणूस रस्त्यावर उतरला. या लढ्यात शंभराहून अधिक माणसं हुतात्मा झाली. अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड याच काळातली आणि ती गाजवली अमर शेखांच्या आवाजानं. वरवर बघितलं तर हे प्रेमगीत. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोची आठवण काढतोय. ऐकणारे गिरणी कामगार सगळे त्याच दशेतले, त्यामुळं डोळ्यात पाणी यायला वेळ लागत नसे. आणि गाणं पुढं सरकतं तसं लक्षात येतं की ही ताटातूट नवरा-बायकोपुरती नाही. बेळगाव, कारवार, निपाणी मागं राहिली आहेत, ती मैनेसारखीच. प्रेम आणि लढा एकाच गाण्यात! नकाशा समोर ठेवून हे गाणं वर्गात ऐकवून बघा, सीमाप्रश्न वेगळा शिकवावा लागत नाही. 1 मे 1960 ला महाराष्ट्र राज्य झालं. सीमाभाग राहिला तो राहिलाच.

गोवा मुक्तीच्या लढ्यातही ते गात होते. पण त्यांची खरी परीक्षा 1962 साली झाली असं मी म्हणेन. चीननं आक्रमण केलं आणि चीनबद्दल काय भूमिका घ्यायची यावरून कम्युनिस्ट पक्षातच फूट पडू लागली. ज्या विचारासाठी आयुष्य दिलं त्याच विचाराचा देश सीमेवर उभा. अमर शेख डफ घेऊन बाहेर पडले आणि संरक्षण निधीसाठी गावोगाव गात फिरले. जवळच्या काही माणसांना ते रुचलं नसणार. पण त्यांनी गाणं थांबवलं नाही.

ते फक्त गायक होते असा समज आहे, तो बरोबर नाही. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हणून गौरवलं. मायकोव्हस्की हा रशियन क्रांतीचा कवी, चौकाचौकात, कारखान्यात भसाड्या मोठ्या आवाजात कविता म्हणणारा. ‘प्रपंच’ या 1961 च्या मराठी चित्रपटात अमर शेख पडद्यावरही दिसतात. मुलांना त्यांचा चेहरा दाखवायचा असेल तर तो चित्रपट उपयोगी पडेल.

लग्न त्यांनी कुसुम जयकर यांच्याशी केलं. धर्म वेगळे, घराणी वेगळी, आणि काळ तो. कवयित्री मलिका अमर शेख ही त्यांची मुलगी. बापाचं नाव तिनं आपल्या नावात कायम ठेवलं.

1969 चा पावसाळा मराठी मुलखाला वाईट गेला. 13 जूनला अत्रे गेले. 18 जुलैला अण्णाभाऊ गेले. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघं 52. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे. पुण्याहून सोलापूरला येताना इंदापूर लागतं. तिथून बार्शी फार लांब नाही.