पावसाचे गणित मांडणारे गिल्बर्ट वॉकर

बी. ए. द्वितीय वर्ष

जंगल तुटले आणि पाऊस आटला, असे आपल्या गोंदिया जिल्ह्यातील वडीलधारी मंडळी आजही सांगतात. रोवणीच्या दिवसांत बोडी कोरडी राहिली, पऱ्हे पिवळे पडू लागले, की गावात हाच विषय निघतो. कोणी म्हणतो ही निसर्गाची लहर, कोणी म्हणतो ही माणसाची करणी. हा वाद फार जुना आहे. एवढेच नव्हे, तर तज्ज्ञांमध्ये तो ज्या आकड्यांवरून रंगला त्यांत त्या वेळच्या मध्य प्रांताचे, म्हणजे आपला भाग ज्यात होता त्या प्रांताचे, आकडे होते. या वादाला हिशेबाची शिस्त लावणाऱ्या सर गिल्बर्ट वॉकर यांची ही ओळख.

आधी थोडे मागे जावे लागेल. भारतीय हवामान खाते १८७५ साली स्थापन झाले. त्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड. मध्य प्रांताच्या दक्षिण भागात जंगल कापून, जाळून, त्या राखेत पेरणी करण्याची वहिवाट सरकारने याच सुमारास बंद पाडली होती आणि जंगल पुन्हा वाढीला लागले होते. ब्लॅनफर्ड यांनी आधीच्या व नंतरच्या वर्षांचा पाऊस ताडून पाहिला. नंतरचा जास्त भरला. जंगलामुळे पाऊस वाढत असावा, असे मत त्यांनी १८८७ साली मांडले. ज्यांची शेती बंद झाली त्या आदिवासींच्या पोटाचे काय झाले, हे मात्र पावसाच्या कोष्टकात कुठून सापडणार?

पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन भीषण दुष्काळ पडले. मध्य प्रांत त्यांत होरपळून निघाला. १८९९ साली तर हवामान खात्याने चांगल्या पावसाचा अंदाज दिला होता आणि घडले नेमके उलट! तेव्हाचे प्रमुख सर जॉन एलियट निवृत्त झाल्यावर १९०४ साली त्यांच्या जागी वॉकर आले.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८८९ साली ते गणितात पहिले आले. बूमरँग फेकण्याचा त्यांना एवढा नाद होता की मित्रांनी तेच नाव त्यांना चिकटवले. बासरीची रचना, पक्ष्यांचे उडणे, बर्फावरचे स्केटिंग, सगळ्यांत त्यांना गणित दिसे. हवामानशास्त्र मात्र त्यांना येत नव्हते. ज्याला विषय येत नाही त्याला खात्याचा प्रमुख नेमणे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल. पण माझ्या मते त्यामुळेच ते कोणत्याही जुन्या मताला बांधलेले नव्हते.

सिमल्याच्या कचेरीत त्यांनी जगभरच्या नोंदी गोळा केल्या. हवेचा दाब, तापमान, पाऊस, हिमालयावरील बर्फ, नाईल नदीचा पूर यांची एकमेकांशी सांगड बसते का, हे ते आकडेमोडीने तपासू लागले. गणकयंत्रे नव्हती. भारतीय कारकून कागदावर बेरजा-गुणाकार करीत बसत. त्यांतून १९२०च्या दशकात एक मोठी गोष्ट हाती लागली. प्रशांत महासागराच्या बाजूला हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि उलटही होते. तराजूच्या दोन पारड्यांसारखा हा खेळ आहे. त्याला त्यांनी दक्षिणी दोलन असे नाव दिले. आपल्या मोसमी पावसाचा त्याच्याशी संबंध आहे. असे का होते, याचे कारण मात्र त्यांना सांगता आले नाही.

मधल्या काळात जंगलतोडीचा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच. लागोपाठच्या तुटीच्या वर्षांमुळे हिंदुस्थानचे हवामान कायमचे बिघडले, अशी हाकाटी होती. १९१० साली वॉकर यांनी उपलब्ध नोंदी तपासून निर्णय दिला की पावसात कायमचा बदल झाल्याचा पुरावा नाही; ही मोसमी पावसाची नैसर्गिक चढ-उतार आहे.

हा निर्णय त्या नोंदींपुरता योग्य होता असे मला वाटते. परंतु एका वर्षाची वही बरोबर निघाली म्हणून पुढच्या सगळ्या वह्या न तपासता बरोबर धरायच्या काय? माणसाच्या हातून हवामान कधीच बदलू शकत नाही, असे वॉकर यांनी सिद्ध केलेले नव्हते.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९१३ साली ते मद्रासला गेले असता बंदराच्या कचेरीतील एका कारकुनाच्या गणिताच्या वह्या त्यांना दाखवण्यात आल्या. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. वॉकर यांनी मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्यांना शिष्यवृत्ती देण्याची शिफारस केली आणि महिना ७५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ज्यांच्या घरात कॉलेज पाहिलेले कोणी नाही अशा माझ्यासारख्यांना हा प्रसंग दक्षिणी दोलनापेक्षा मोठा वाटला, तर नवल नाही.

१९२४ साली ‘सर’ ही पदवी घेऊन ते मायदेशी परतले व लंडनच्या इंपीरियल कॉलेजात दहा वर्षे प्राध्यापक राहिले. १९३८ साली लंडनमध्ये गाय कॅलेंडर या वाफेच्या इंजिनिअरने वेगळाच मुद्दा मांडला : कोळसा जाळून माणूस हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढवतो आहे आणि पृथ्वी तापते आहे. तज्ज्ञांनी शंका काढल्या. त्यांत सर जॉर्ज सिम्पसनही होते, ज्यांनी वॉकर यांच्या हाताखाली सिमल्यात काम केले होते.

४ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ९०व्या वर्षी, वॉकर वारले. त्याच वर्षी हवाई बेटावरील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड नियमित मोजायला सुरुवात केली होती. तेव्हा तो दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होता. आज ४२०च्या वर आहे. कॅलेंडरची बाजू आकड्यांनीच उचलून धरली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील शास्त्रज्ञांनी तयार केलेल्या २०२०च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढले, आणि १९५१ ते २०१५ या काळात मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. या घटीमागे धूर-धुळीच्या कणांचाही हात त्यात दाखवला आहे. म्हणजे निसर्गाचा तराजू वर-खाली होतच आहे, आणि आता एका पारड्यावर माणसाचा हातही पडला आहे.

वॉकर यांचे दोलन आणि प्रशांत महासागरातील एल निनो ही एकाच घडामोडीची दोन अंगे असल्याचे जेकब ब्यर्कनेस यांनी १९६०च्या दशकात दाखवले व हवेच्या त्या चक्राला १९६९ साली वॉकर यांचे नाव दिले. आजही एप्रिल महिन्यात हवामान खाते पावसाचा पहिला अंदाज जाहीर करते तेव्हा त्यात एल निनोची स्थिती सांगितलेली असते. आमच्याकडे धानाचे कोणते बियाणे आणायचे, हलके की भारी, याची बोलणी त्याच सुमारास चालू असतात.