चित्रकार हेन्री टॅनर व मिसर देशाची वाट

योसेफ बाळास व त्याच्या आईस घेऊन रात्रीच मिसर देशास निघून गेला, हा वृत्तान्त मत्तयाने दोन-तीन वचनांतच आटोपला आहे. परंतु हेन्री ओसावा टॅनर ह्या अमेरिकन चित्रकाराने ती एक रात्र आपल्या आयुष्यात सुमारे पंधरा वेळा रंगविली. असे का, हे समजण्यास त्यांचे घर पाहिले पाहिजे.

टॅनर यांचा जन्म पिट्सबर्ग येथे २१ जून १८५९ रोजी झाला. घराणे कृष्णवर्णी. आई सारा गुलामगिरीत जन्मलेली. ती लहानपणीच तेथून सुटून उत्तरेकडे आली होती. वडील बेंजामिन हे आफ्रिकन मेथडिस्ट मंडळीचे पाळक, पुढे बिशप झाले. कॅन्सस प्रांतातील ज्या ओसावाटोमी गावी जॉन ब्राऊन १८५६ साली गुलामगिरीच्या कैवाऱ्यांशी लढले, त्या गावावरून मुलास मधले नाव मिळाले.

फिलाडेल्फियात तेरा वर्षांच्या हेन्रीने बागेत एक चित्रकार काम करीत असता पाहिला आणि आपणही हेच करावयाचे असे ठरविले. वडिलांनी मात्र त्यास पिठाच्या धंद्यास लाविले. (तो धंदा हलका असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही.) त्या कष्टांनी मुलगा आजारी पडला, तेव्हा वडिलांनी हट्ट सोडला. पुढे कलाशाळेत थॉमस एकिन्स यांच्यासारखे गुरु लाभले; पण वर्णावरून सोबत्यांनी केलेला अपमानही सोसावा लागला. १८९० साली सिनसिनाटी येथे त्यांची चित्रे मांडिली, तेव्हा एकही खपले नाही. अखेर बिशप हार्टझेल यांनीच ती सर्व विकत घेतली. त्या पैशांवर ते १८९१ साली रोमला म्हणून निघाले, ते पॅरिसलाच राहिले.

तेथे वर्णाची आडकाठी फारशी आली नाही. त्यांच्या 'लाजराचे पुनरुत्थान' ह्या चित्रास १८९७ साली पदक मिळून फ्रेंच सरकारने ते विकत घेतले. वानामेकर नामक धनिकाच्या साहाय्याने त्यांनी पवित्र देशाचा प्रवास दोनदा केला. तेथील वाटा, भिंती व चांदणे डोळ्यांनी पाहिले.

त्यानंतर १८९९ साली 'मिसर देशास पलायन' हे तैलचित्र झाले. ते दोन फुटांहून थोडेसेच रुंद आहे. त्यात देवदूतांचा थवा नाही, थाटमाट नाही. रात्र आहे, गाढवावर बाळासह मरीया आहे, आणि हेरोदाच्या माणसांना चाहूल लागू नये अशी ती निमूट चाल आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या आईच्या मुलाला ती चाल कोणी शिकवावी लागली नसेल, असे आम्हांस वाटते.

१९२३ साली फ्रान्सने त्यांस लीजन ऑफ ऑनर हा मान दिला. २५ मे १९३७ रोजी ते पॅरिस येथे वारले. त्यांचे ते चित्र डेट्रॉइटच्या कलासंग्रहालयात आहे.