डॉक्टर रखमाबाई

रखमाबाईंचा जन्म १८६४ साली मुंबईत, सुतार ज्ञातीतील एका कुटुंबात झाला. त्या अडीच वर्षांच्या असतानाच त्यांचे वडील जनार्दन पांडुरंग निवर्तले. मागे तरुण पत्नी जयंतीबाई, ही एकुलती कन्या आणि काही मालमत्ता एवढेच उरले. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन या विद्वान गृहस्थांशी पुनर्विवाह केला. १८५६ च्या कायद्यान्वये पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क नाहीसा होत असे. जयंतीबाईंनी ती मालमत्ता विवाहापूर्वीच मुलीच्या नावे करून दिली होती. पितृहीन लेकीला तो आधार होता. परंतु पुढे तोच कलहाचे मूळ ठरला.

वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचा विवाह दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या तरुणाशी झाला. जावयाने सासऱ्यांच्या आश्रयाने राहून विद्या संपादन करावी, असे ठरले होते. परंतु दादाजींचे मन अभ्यासात रमेना. ते आपल्या मामांकडे राहू लागले आणि कर्जबाजारी झाले. रखमाबाई मात्र गिरगावातील घरी राहून ग्रंथवाचनात गढून गेल्या.

१८८४ साली, पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे म्हणून दादाजींनी उच्च न्यायालयात दावा लावला. दादाजींच्या मामांचा मालमत्तेवर डोळा आहे, असा आरोप एका बाजूने झाला. मालमत्ता हातची जाईल या भीतीने माहेरची माणसेच मुलीला अडवितात, असा दुसऱ्या बाजूने झाला. आप्तांच्या या वादात खुद्द रखमाबाईंच्या मनाचा विचार मागे पडला. अजाण वयात, संमतीवाचून झालेला विवाह आपणांस बंधनकारक नसावा, अशी त्यांची भूमिका होती.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्याच वर्षी सखाराम अर्जुन वारले आणि घरातील मोठा आधार तुटला. दादाजींनी अपील केले व खटला पुन्हा चालला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जावे अन्यथा सहा महिने कारावास भोगावा, असा निर्णय दिला. रखमाबाईंनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला.

पुढे डॉ. एडिथ पीची प्रभृतींच्या साहाय्याने रखमाबाई विलायतेस गेल्या आणि लंडनमधील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकून १८९४ साली डॉक्टर झाल्या. स्वदेशी परतल्यावर सुरत व राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रीरुग्णांची सेवा केली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

वडिलार्जित धनापायी आप्तस्वकीयांनी एकमेकांवर दोषारोप केले. रखमाबाईंनी स्वकष्टाने मिळविलेल्या विद्येवर मात्र कोणालाही दावा सांगता आला नाही. त्या विद्येचा लाभ झाला तो असंख्य माताभगिनींना.