कर्मवीर दादासाहेब आणि आमच्या संघटनांचे नियोजन

आज आमच्या एकेका वस्तीत विहार समिती आहे, जयंती मंडळ आहे, महिला मंडळ आहे, कर्मचारी संघटना आहे आणि दोन-तीन गटांच्या शाखाही आहेत. प्रत्येकाचा वर्षाचा कार्यक्रम ठरलेला असतो. परंतु या सर्वांनी मिळून समाजाचा कोणता प्रश्न यंदा धसास लावायचा, असे विचारले तर उत्तर मिळत नाही. अशा वेळी आम्हाला कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या जीवनाची आठवण होते.

भाऊराव कृष्णाजी गायकवाड यांचा जन्म 15 ऑक्टोबर 1902 रोजी नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुक्यात आंबे या गावी झाला. 2 मार्च 1930 रोजी नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा सत्याग्रह समितीचे चिटणीस म्हणून सारा भार त्यांच्या खांद्यावर होता. त्याच वर्षाच्या अखेरीस बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. माणसे जमविणे, निधी उभारणे, तुरुंगात गेलेल्यांच्या घरांकडे पाहणे ही कामे नाशिकला भाऊराव आणि त्यांचे सहकारी करीत होते. बाबासाहेबांशी त्यांचा पत्रव्यवहार सतत चालू असे. नाशिकचा लढा एका शहराचा राहिला नाही, तो साऱ्या समाजाच्या लढ्याचा भाग झाला, याचे कारण हेच.

त्यांची खरी कसोटी पुढे लागली. 1934 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी त्यांना पत्राने कळविले की, मंदिरप्रवेशाचे सत्याग्रह आता थांबवावेत आणि समाजाने आपली शक्ती शिक्षण व राजकारणाकडे वळवावी. चार वर्षे ज्या लढ्यासाठी लाठ्या खाल्ल्या, तो बाजूला ठेवणे सोपे नव्हते. आपली समिती, आपले नाव, आपला लढा असा हट्ट दादासाहेबांनी धरला असता तर? त्यांनी तो धरला नाही. समाजाचे धोरण बदलले तसे त्यांनी आपल्या संघटनेचे कामही बदलले. 1936 साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला आणि 1937 च्या निवडणुकीत ते मुंबई विधिमंडळात निवडून गेले. पुढे शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन आणि 1957 नंतर रिपब्लिकन पक्ष, अशा प्रत्येक टप्प्यावर ते उभे राहिले. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांचे ते सदस्य झाले.

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर पक्षात फूट पडली. तरीही भूमिहीनांचा प्रश्न दादासाहेबांनी सोडला नाही. 1959 साली त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला. 1 ऑक्टोबर 1964 रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद देण्यात आली आणि 6 डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, धान्याचे भाव आवरा, झोपडपट्टीवासीयांची सोय करा, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्या मागण्या होत्या. शेतमजूर, शहरातील झोपडीवासी, नोकरदार, बौद्ध या सर्वांना त्यात आपला प्रश्न दिसला. म्हणूनच लाखावर स्त्री-पुरुष तुरुंगात गेले. तैलचित्र आणि बौद्धांच्या सवलती या दोन मागण्या पूर्ण व्हायला 1990 साल उजाडले, पण त्यांचा पाया तेव्हाच घातला गेला.

काँग्रेसशी केलेल्या समझोत्यामुळे दादासाहेबांवर टीका झाली. ती चर्चा व्हायलाच हवी. परंतु समाजाचा प्रश्न आधी आणि संघटना नंतर, हा त्यांचा क्रम आम्ही विसरता कामा नये. 29 डिसेंबर 1971 रोजी त्यांचे निधन झाले.

2004 साली त्यांच्या नावाने राज्य शासनाने सबळीकरण व स्वाभिमान योजना सुरू केली. भूमिहीन कुटुंबाला 4 एकर जिरायती किंवा 2 एकर बागायती जमीन देण्याची ती योजना आहे. आमच्या किती संघटनांनी आपल्या गावातील भूमिहीन कुटुंबांची यादी केली? किती जणांनी विकाऊ जमीन शोधून दिली, अर्ज भरून दिले, समाजकल्याण कार्यालयात पाठपुरावा केला?

आम्ही कोणालाही झेंडा सोडायला सांगत नाही. येत्या स्मृतिदिनापूर्वी गावातील सर्व संघटनांनी एका सतरंजीवर बसावे. यादी विहार समितीने करावी, अर्ज कर्मचाऱ्यांनी भरावेत, विधवा व परित्यक्ता भगिनींची नावे महिला मंडळाने आणावीत, मोर्चाची वेळ आली तर पक्षांनी पुढे व्हावे. वर्षाअखेर दहा भूमिहीन कुटुंबांचे अर्ज जरी मार्गी लागले, तरी दादासाहेबांना ते खरे अभिवादन ठरेल. जय भीम!