एड रॉबर्ट्स : ज्या खात्याने नाकारले, त्याच खात्याचे प्रमुख

१९५३ साली कॅलिफोर्नियातल्या एड रॉबर्ट्स या १४ वर्षांच्या मुलाला पोलिओ झाला. पोलिओचा विषाणू स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी मारतो. स्पर्श कळतो, पण हालचाल जाते. एडचे मानेखालचे जवळजवळ सगळे स्नायू गेले, श्वासाचेसुद्धा. त्याला ‘आयर्न लंग’मध्ये ठेवले. हे एक बंद पिंप असते, फक्त डोके बाहेर राहते. आतला हवेचा दाब कमी झाला की छाती फुगते आणि हवा फुफ्फुसात ओढली जाते.

हा जगला तरी त्या जगण्याला अर्थ नसेल, असे डॉक्टरांनी आईला सांगितले. एडने ते ऐकले आणि काही काळाने अन्न सोडले. (आम्ही डॉक्टर आजही खाटेशेजारी उभे राहून असे बोलतो. आजाराचे निदान झाले म्हणजे पुढचे आयुष्यही कळले, असा आमचा समज होतो.) पण मग त्याने जगायचे ठरवले. जीभ आणि घशाच्या स्नायूंनी हवेचे घोट फुफ्फुसात ढकलायचे तंत्र तो शिकला. त्यामुळे दिवसा यंत्राबाहेर राहता येऊ लागले.

शारीरिक शिक्षण आणि ड्रायव्हिंग झाले नाही म्हणून शाळा उत्तीर्णतेचा दाखला देईना! आई झोना भांडली, तेव्हा तो मिळाला.

पुढे बर्कली विद्यापीठात शिकायचे, तर राज्याच्या पुनर्वसन विभागाने खर्च नाकारला. इतका अपंग माणूस नोकरी करू शकणार नाही, हे कारण. वृत्तपत्रांत बातमी आल्यावर निर्णय फिरला. १९६२ मध्ये प्रवेश झाला. पण अवजड आयर्न लंग वसतिगृहात ठेवता येईना, म्हणून राहायला विद्यापीठाच्या रुग्णालयातली खोली मिळाली. तिथे हळूहळू व्हीलचेअरवरचे आणखी विद्यार्थी आले. अडचण आपल्या पायांत नसून इमारतींच्या पायऱ्यांत आहे, हे त्यांनी ओळखले. फुटपाथच्या कडांना उतार हवेत, यासाठी त्यांनी नगरपालिकेकडे पाठपुरावा केला. ते उतार झाले, आणि बाबागाडी ढकलणाऱ्या आयांनाही सोयीचे पडले.

१९७२ मध्ये बर्कलीत ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’ सुरू झाले. मदतनीस शोधणे, व्हीलचेअर दुरुस्त करणे, राहण्याजोगे घर मिळवणे अशी कामे अपंग माणसेच चालवत. रॉबर्ट्स लवकरच त्याचे प्रमुख झाले.

१९७५ मध्ये राज्यपाल जेरी ब्राऊन यांनी त्यांना राज्याच्या पुनर्वसन विभागाचे संचालक नेमले. हाच तो विभाग.

१९९५ मध्ये, वयाच्या ५६व्या वर्षी ते गेले. त्यांची व्हीलचेअर आता अमेरिकेच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.