चाळीतला नवरा

‘मुंबईचा जावई’ (१९७०) पाहिलाय ना? चाळीतलं इवलंसं घर, घरात खंडीभर माणसं, आणि नव्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा नाही! आपण हसतो खरं, पण त्या नव्या सुनेची घुसमट आपल्याला बरोबर कळते. आमच्या बारामती-इंदापूरकडे निदान अंगण तरी असायचं.

त्यातला नवरा अरुण सरनाईक. जन्म १९३५चा, कोल्हापूरचा. वडील शंकरराव गायक-नट, काका निवृत्तीबुवा मोठे गवई, तबला-पेटी घरचीच. ‘सिंहासन’मधला (१९७९) त्यांचा मुख्यमंत्री सगळे वाखाणतात. मला मात्र हा बायको आणि घर यांच्यात अवघडलेला साधा नवराच जास्त खरा वाटतो.

जून १९८४. वारीचे दिवस. ‘पंढरीची वारी’च्या चित्रीकरणासाठी ते पुण्याला निघाले होते, वाटेत गाडीला अपघात झाला. पत्नी आणि मुलगाही त्यातच गेले. वय अवघं ४८. चित्रपट पुढे बाळ धुरींना घेऊन पुरा झाला, १९८८ साली आला. तुकोबांची पालखी आपल्या गावात मुक्कामाला येते, तेव्हा मला हटकून अरुण सरनाईक आठवतात.