पंडिता रमाबाई : आश्रयाचे मोल

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की आम्हांला पुणे आठवते, केडगाव आठवते. परंतु त्यांचा जन्म कर्नाटकाच्या भूमीत झाला, याचे स्मरण बंगळूरनिवासी मराठी मंडळींनी तरी ठेवावयास हवे. तुंगा आणि भद्रा या नद्या जेथे उगम पावतात, त्या गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कानडी मुलखात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. विद्येसाठी ते पुण्यास गेले आणि पुढे काही वर्षे म्हैसूर दरबाराच्या आश्रयास राहिले. पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी संस्कृत शिकविले. त्यामुळे स्वजनांचा रोष ओढवला, तेव्हा अरण्यात आश्रम थाटून त्यांनी आपले व्रत चालविले. सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात, स्वतःच्या मुलखाबाहेर आयुष्य काढलेल्या या विदुषीचे चरित्र सांगावे, असे आम्हांस वाटले.

रमाबाई सहा महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने आश्रम सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून, माणसाच्या डोक्यावरून त्यांचा प्रवास सुरू झाला. पुढे सोळा वर्षे तीर्थयात्रा आणि पुराणकथन हाच त्यांचा संसार होता. दुष्काळात अन्नान्नदशा होऊन १८७४ साली आईवडील निवर्तले. बंधू श्रीनिवास यांच्यासह पायपीट करीत त्या १८७८ साली कलकत्त्यास पोचल्या आणि तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्यांनी गौरविले. पुढे बंधूही गेले. १८८० साली बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला, परंतु फेब्रुवारी १८८२ मध्ये पतिनिधन होऊन, मनोरमा या तान्ह्या कन्येसह त्या एकाकी उरल्या. त्याच वर्षी पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला व ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक प्रसिद्ध केले.

१८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्यांना आश्रय मिळाला आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. परंतु ज्यांनी आश्रय दिला त्यांच्या सर्वच मतांपुढे रमाबाईंनी मान तुकविली, असे मात्र नाही. धर्मतत्त्वांविषयी त्या भगिनींशी पत्रांतून वाद घालीत राहिल्या आणि शाकाहारही त्यांनी सोडला नाही. मिळालेल्या अन्नवस्त्रांचे ऋण मान्य करावे, परंतु त्यापायी बुद्धी गहाण ठेवू नये, ही त्यांची वृत्ती तेथे प्रथम दिसली.

१८८६ साली डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियास गेल्या आणि पुढची अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेतच राहिल्या. विधवांच्या शिक्षणासाठी व्याख्याने देत त्यांनी देश पालथा घातला. १८८७ साली बोस्टन येथे रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षे साहाय्य देण्याचे ठरले. १८८८ साली त्या पॅसिफिक किनाऱ्यावरील सॅन फ्रान्सिस्को शहरी पोचल्या.

या शहराची हकीकत येथे थोडी विस्ताराने सांगणे अगत्याचे आहे. सोन्याच्या शोधाच्या काळात, १८४९ नंतर, तेथे हजारो चिनी माणसे मजुरीसाठी आली. १८६९ साली पुरा झालेला, देशाला आडवा जोडणारा लोहमार्ग पश्चिमेकडून बहुतांशी त्यांच्याच हातांनी बांधला गेला. काम संपताच ती माणसे नकोशी झाली आणि १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी झाली. ती १९४३ पर्यंत उठली नाही. फसवून वा विकत आणलेल्या चिनी मुलींची दैना तर विचारूच नये. त्यांच्यासाठी मेथॉडिस्ट मिशनने १८७१ साली व प्रेसबिटेरियन पंथाच्या स्त्रियांनी १८७४ साली निवारागृहे काढली. जपानी तरुण विद्यार्थ्यांनी १८७७ साली स्थापिलेली फुकुइन काई ही संस्थाही चिनी मिशनच्याच तळघरात सुरू झाली. भाषेचे वर्ग आणि एकमेकांचा आधार परक्या शहरात त्यांना अशा ठिकाणी लाभला.

या मिशनगृहांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तेथील मुलींना धर्मशिक्षण आणि शिवणकाम असे, दिनक्रम कडक असे आणि विवाह शक्यतो ख्रिस्ती चिनी वराशी लावीत. छळातून सुटका खरीच होती. परंतु सुटलेल्या मुलीने आपले पूर्वीचे सारे मागे ठेवावे, ही अपेक्षाही त्या सुटकेला चिकटलेली होती. निराधाराला आश्रय देताना त्याचे मोल म्हणून काय मागावे, हा प्रश्न रमाबाईंनाही लवकरच स्वदेशी भेडसावणार होता.

१८८८ च्या अखेरीस जपानमार्गे निघून त्या फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबईस उतरल्या. अमेरिकेतील लोकस्थितीवर त्यांनी मराठीत प्रवासवृत्त लिहिले. स्त्रियांच्या संघटनांची त्यात मनापासून वाखाणणी आहे आणि मूळ रहिवासी व कृष्णवर्णीय यांच्यावरील अन्यायाचा स्पष्ट निषेधही आहे. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास गेले. तेथे धर्मोपदेश करावयाचा नाही, जातीचे आचार ज्याचे त्याने पाळावेत, असे ठरले होते. परंतु रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या. रमाबाईंनी दार लावले नाही. १८९३ साली वादळ उठले, ‘केसरी’ने कडाडून टीका केली, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनातील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, आणि पुढे स्त्रीशिक्षणाचे केवढे कार्य त्या घरातून उभे राहिले, हे सर्वश्रुत आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी अनाथ मुली आणल्या आणि केडगावास मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. विणकाम, शेती, तेलघाणा, छापखाना ही सारी कामे स्त्रियाच करीत. अंध मुलींसाठी वेगळी सोय होती. आता मात्र संस्था उघड ख्रिस्ती होती. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर केले आणि त्याचे खिळे त्याच मुलींनी जुळविले. कर्नाटकाशी संबंधही तुटला नव्हता. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, त्यांनी १९१३ च्या सुमारास शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी तिचा भार वाहिला. १९२१ साली मनोरमाबाई गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला.

रमाबाईंचे धर्मांतर ज्यांना रुचले नाही, त्यांची व्यथा आम्ही खोटी मानीत नाही. तथापि ज्या विधवा व दुष्काळपीडित मुली केडगावच्या दाराशी गेल्या, त्यांच्यापुढे दुसरे किती दरवाजे उघडे होते, याचा हिशेब समाजाने त्या वेळी मांडला नाही. आमच्या मंडळाकडेही नव्याने आलेला विद्यार्थी, नोकरी शोधणारा तरुण, एकटी पडलेली भगिनी येत असते. त्यांना गाव आणि आडनाव विचारण्याआधी जेवणाचे पान मांडले जावे, एवढे तरी रमाबाईंच्या चरित्रातून आम्ही घ्यावे.